पिंपळाखालचा समुद्र

नांदेड,
फेब्रुवारीचा पहिला आठवडा

प्रिय समीक्षा,

हे पत्र तुला गोव्याच्या खोलीवर मिळेल तेव्हा तू समुद्रावरून परतलेली असशील. आधी हे वाच, मग आंघोळीला जा. परवा तुमच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला होता. जहाजावर सगळे खुशाल आहेत, तुमचं ते गाळ झेलणारं नरसाळं शोधून वर काढलं, नवीन सोडायची तयारी चालली आहे, असं त्या म्हणाल्या. मला एकदम हलकं वाटलं. मी म्हटलं, माझ्या मुलीला एक निरोप द्याल का? त्या म्हणाल्या, सांगा की. आणि मग मला काही सांगताच येईना. ‘वेळेवर जेवत जा म्हणावं,’ एवढंच बोलले आणि फोन ठेवला. जे सांगायचं होतं ते एका ओळीत बसणारं नव्हतं, आणि परक्या बाईच्या तोंडून तू ते ऐकावंस असंही मला वाटलं नाही. म्हणून आज दुपारची भांडी आवरून कागद घेऊन बसले आहे. बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं जमतं, हे तुला ठाऊकच आहे.

काकांच्या आनंदराजने बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, ते तू रेंज जायच्या आधी पाहिलेस. तुझं उत्तर आलं, ‘पाहिलं.’ तेवढंच. त्या एका शब्दावर मी दोन दिवस नीट जेवले नाही. फोटोत गावचा विहार आहे, पिंपळाचं रोप आहे, खड्ड्याशी वाकलेले शेषेरावकाका आहेत आणि त्यांच्या हातात पांढऱ्या कापडाचं गाठोडं आहे. मी मागे उभी आहे, मान खाली. तुला वाटलं असेल, मला चिमूटभर राख द्यायला आई तयार नव्हती आणि काकांच्या हवाली मात्र सगळी करून टाकली. फोटोवरून कुणालाही तसंच वाटेल. पण फोटोत दिसतं तसं झालेलं नाही, समी. कसं झालं ते मी क्रमानं सांगते. मधेच पत्र टाकून देऊ नकोस.

तू जायच्या आदल्या संध्याकाळचं बोलणं माझ्या मनातून जात नाही. तू म्हणालीस, आई, बाबांची थोडी राख मला दे, आम्ही नरसाळं सोडतो तिथं मी सोडीन. तू अगदी साधेपणानं मागितलीस. आणि मी म्हटलं, ‘तुला तुझ्या बापाला तसल्या अंधारात टाकायचंय का?’ तुझा चेहरा उतरला. सकाळी चहा अर्धा टाकून तू स्टेशनला गेलीस. मी असं का बोलले, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. एका बाजूला तू होतीस आणि दुसऱ्या बाजूला काका. त्यांचं वर्षभर एकच चाललं होतं, ‘वर्षाला विहारापुढं पिंपळ लावू आन् दादाला त्याच्याखाली ठेवू.’ पाण्यात सोडायचं नाव काढलं की ते भडकायचे. त्यांच्या वडलांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, छप्पन साली धम्म घेतला तेव्हा नदीवरची ती सगळी क्रियाकर्मं सोडली. ‘आपल्या बापानं सोडलं ते आपण परत धरायचं न्हाई, वहिनी,’ असं ते म्हणायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मी दोघांनाही तोंडावर नाही म्हणू शकत नव्हते. खरं सांगायचं तर मला ती राख ना पिंपळाखाली द्यायची होती ना समुद्रात. मला ती घरात हवी होती. बुद्धांच्या मूर्तीशेजारी त्यांचा फोटो आणि फोटोशेजारी ते गाठोडं. सकाळी दिवा लावताना तिकडे नजर जायची आणि दिवस सुरू व्हायचा. त्यापुढचा विचार मी केलाच नव्हता.

तुझे बाबा रेल्वेत गार्ड होते म्हणून मी वाचायला शिकले, हे तू शाळेत असताना निबंधात लिहिलं होतंस. त्यात थोडी दुरुस्ती करायची राहून गेली. त्यांनी मला शिकवलं नाही, त्यांना वेळच कुठे होता? लग्नानंतर मी पासवर माहेरी उदगीरला जायचे. पॅसेंजर गाडी, प्रत्येक स्टेशनावर थांबायची. ते मागच्या डब्यात आणि मी बायकांच्या डब्यात खिडकीशी. गाडी थांबली की समोर पाटी यायची. परळी कुठलं आणि लातूर रोड कुठलं हे मला ऐकून माहीत होतं, मग पाटीवरची अक्षरं त्या नावाशी जुळवायची. उदगीर येईपर्यंत सगळी बाराखडी खिडकीतून जायची. एक्स्प्रेसनं गेले असते तर मी आज अंगठाच लावत असते. पुढे प्रवाशांनी टाकलेली वर्तमानपत्रं ते गोळा करून आणायचे, मी ती शिळी बातमी ताज्यासारखी वाचायचे. मग वाचनालय लागलं. तू समुद्राचा अभ्यास घेतलास तेव्हा शेजारच्या बायका म्हणायच्या, नांदेडच्या पोरीचा समुद्राशी काय संबंध? मी तेव्हापासून समुद्रावरचं दिसेल ते वाचते. अर्धं कळत नाही, पण ते काही नवीन नाही. पाट्याही आधी अर्ध्याच कळायच्या.

ती बुद्धपौर्णिमा आठवते ना, त्यांच्या शेवटच्या आजाराच्या आधीची? तू खीर खायला आलीस आणि येताना बरणीत तो गाळ आणलास. तुझ्या नरसाळ्याखाली जो तळ आहे तिथला, तपासून उरलेला, मीठ धुऊन वाळवलेला. राखाडी, पिठासारखा मऊ. त्यांनी बोटांत घेऊन चोळला, वास घेतला आणि म्हणाले, ‘ही तर आपल्या भोकरच्या रानातली माती!’ आपण दोघी हसलो. पण तू हसता हसता थांबलीस आणि म्हणालीस, बाबा, थोडी खरंच असेल. मग तू आम्हाला ते सगळं समजावून सांगितलंस, जमिनीवर मांडी घालून, हातवारे करत. वर उजेडात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, मरतात, त्यांची कवचं, त्यांची विष्ठा, सगळं एकमेकांना चिकटून बारीक पुंजके होतात. ते इतके हलके की नुसते राहिले तर वाटेतच विरून जातील. पावसाळ्यात गोदावरी गढूळ होऊन समुद्रात शिरते, तिची माती त्या पुंजक्यांना चिकटते, त्यांना वजन येतं आणि मग ते खाली निघतात. आठवडेच्या आठवडे खाली जात राहतात, भुरभुर, बर्फ पडावा तसे. तुमचं पिवळं नरसाळं ते झेलतं. खाली चकतीवर बाटल्या, एकीची मुदत संपली की चकती फिरते आणि दुसरी तोंडाखाली येते. उन्हाळ्यातल्या बाटलीत तळाशी नुसती रेघ, आणि पावसाळ्यातली पाहिली तर बोटभर थर.

त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘चकती फिरवायला खाली गार्ड ठेवलाय का?’ तू म्हणालीस, मशीन आहे बाबा, घड्याळावर चालतं. ‘मग लेट होत असेल,’ ते म्हणाले. त्यानंतर कित्येक दिवस ते शेजारीपाजारी सांगत फिरत होते की भोकरची माती समुद्रात जाऊन पोरीच्या बाटलीत पडते. शेजारची आपली शकिला एकदा त्यांना म्हणाली, ‘भाईसाब, फिर तो हमारे आंगन की बी जाती हुंगी.’ ते म्हणाले, ‘तिकीट काढलं असेल तर जाती.’ ती बरणी त्यांनी फोटोंच्या फळीवर ठेवली ती तिथेच राहिली.

ते गेल्यावर त्यांचा पांढरा युनिफॉर्मचा शर्ट मी कुणाला दिला नाही. मधोमध फाडून दोन तुकडे केले. एकात राखेची बरणी बांधली. दुसऱ्यात तुझी गाळाची बरणी, कारण तीही त्यांची लाडकी होती आणि उघडी राहून तिच्यावर धूळ बसत होती. समुद्राच्या धुळीवर नांदेडची धूळ नको, एवढाच माझा विचार. दोन्ही गाठोडी दिसायला सारखी. राखेचं फोटोच्या उजव्या हाताला आणि गाळाचं मूर्तीमागे. मला ती अंधारातही ओळखू आली असती, म्हणून कुणी दुसऱ्यानं ओळखायची वेळ येईल हे डोक्यातच आलं नाही.

स्मृतिदिनाच्या आधी घराला चुना द्यायला घेतला. शकिला मदतीला आली होती. तुला माहीत आहे, तिचं काम म्हणजे वादळ. मी स्वयंपाकघरात डबे झाकत होते तोवर तिने फळी रिकामी केली. मूर्ती आणि फोटो पलंगावर, आणि दोन्ही गाठोडी चुना उडू नये म्हणून बाबांच्या पेटीत. त्यांची ती ड्युटीवर गाडीत न्यायची जुनी लोखंडी लाइन बॉक्स गं, चाकाच्या बॅगा आल्यावर घरी आलेली, झेंडे आणि शिट्टीसकट. चुना वाळल्यावर तिनेच सगळं परत मांडलं. फोटोला हार घातला आणि फोटोच्या उजव्या हाताला एक गाठोडं ठेवलं. दुसरं पेटीतच राहिलं. ‘मूर्तीमागे’ काही होतं हे तिच्या लक्षातच नव्हतं. दमून मीही नीट पाहिलं नाही. फोटोशेजारी पांढरं कापड दिसलं, बस.

सकाळी काका जीप घेऊन आले. मी आत खिरीसाठी शकिलाकडून मागून आणलेलं मोठं पातेलं पुसत होते. काकांनी विचारलं, ‘वहिनी, दादा कुठं हाय?’ मी आतूनच म्हटलं, फोटोजवळ. बाहेर येऊन त्यांच्या हातात द्यायचं धैर्य नव्हतं म्हणून आतच राहिले. बाहेर आले तर ते जीपमध्ये पुढे बसलेले, गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. भोकरचा रस्ता तू पाहिला आहेस. प्रत्येक खड्ड्याला ते ड्रायव्हरला म्हणायचे, ‘हळू रे, हळू.’ मला तेव्हा त्यांच्यावर राग धरता येईना. धाकटा भाऊच तो. बाबांनी त्यांना खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं.

गावात सगळे जमले होते. त्रिसरण, पंचशील झालं. बौद्धाचार्य चार शब्द बोलले. काकांनी गाठ सोडली, बरणी उघडली आणि आधी ओंजळीत ओतून घेतली. मी पाहत नव्हते. पायाकडे पाहत उभी होते, चपलेचा अंगठा तुटला आहे, शिवून घ्यायला पाहिजे, असलं काहीतरी मनात घोळत होतं. तेवढ्यात काकांचा आवाज आला. त्यांनी बोटांत चोळलं असावं. रडत रडत म्हणाले, ‘किती बारीक झाला ओ वहिनी दादा... पिठावानी झाला.’ सगळ्या बायका रडल्या. मीही रडले. त्यांनी ते मातीत मिसळलं, रोप लावलं, पाणी घातलं. मग खीरदान झालं. गावच्या पोरांनी दोनदा खीर मागितली. आनंदराजने फोटो काढले, ते तू पाहिलेसच.

दिवस मावळायला घरी पोचले. फळीकडे बघवेना म्हणून फोटोवरचा हार काढला आणि फोटोच पेटीत ठेवावा असं मनात आलं. पेटी उघडली. झेंड्यांच्या घडीवर पांढरं गाठोडं होतं. मला वाटलं तुझा गाळ. उचललं तर जड लागलं. आणि आत खडखडलं. पीठ खडखडत नाही, समी. मी खाली बसले, गाठ सोडली, झाकण काढलं. बारीक राख आणि त्यात ते चार तुकडे, जे मी तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं वेचले होते.

मला हसू आलं. आधी बारीक, मग आवरेना. वर्षभरात मी तशी हसले नव्हते. तोंडावर पदर धरला तरी आवाज भिंतीपलीकडे गेला. शकिला पोळी तव्यावर टाकून धावत आली. ‘क्या हुआ भाभी? रोरे क्या हसरे?’ मी तिला बरणी दाखवली. तिला आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला, ‘या अल्ला, मैंने भाईसाब को पेटी में बंद कर दी!’ मी म्हटलं, पेटी त्यांचीच आहे, त्यांना तिथे गैरसोय झाली नसेल. मग आम्ही दोघी रडलो, मग पुन्हा हसलो. तिची पोळी जळाली ती वेगळीच.

त्यानंतर मला एक गोष्ट कळली. राख परत मिळाल्यावर मला वाटलं होतं, आता पुन्हा फळीवर ठेवायची आणि कुणाला काही सांगायचं नाही. तशी ठेवलीही. सकाळी दिवा लावायला गेले. आणि तिकडे पाहताना पहिल्यांदाच असं वाटलं की हे कुठेही गेले असते तरी चाललं असतं. एकदा गमावून बसले होते ना. विहारापासून घरापर्यंतचा तो सगळा रस्ता मी त्यांच्याशिवाय आले होते, आणि आले होते. जीप चालली होती, बायका बोलत होत्या, मला मुदखेडला चहाही प्यावासा वाटला होता. राख हातून गेली तर माझं काय होईल याची जी भीती मी वर्षभर सांभाळली, तिचा दिवस होऊन गेला होता, आणि मी जागच्या जागी होते.

मग काकांना सांगायला पाहिजे होतं. शकिला म्हणाली, कशाला सांगता, बिचारे खुश आहेत. पण ते रोज सकाळी त्या रोपाला पाणी घालून ‘दादा’ म्हणून हाक मारतात, असं आनंदराज फोनवर म्हणाला. समुद्राच्या गाळाला दादा म्हणू द्यायचं मला पटेना. म्हणून दोन दिवसांनी बसनं भोकरला गेले आणि तिथून गावी. बरणी पिशवीत घेतली होती. काका शेतातून आलेले, ओसरीवर पाय धूत होते. मी सगळं सांगितलं, चुन्यापासून पेटीपर्यंत. ते तांब्या हातात धरून ऐकत राहिले. मला वाटलं आता फुटतील. तांब्या खाली ठेवून ते म्हणाले, ‘म्हंजी म्या समुद्राला पंचशील दिलं?’

मी म्हटलं, हाव. ते म्हणाले, ‘आन् त्यात असतंय काय?’ मी तू सांगितलं होतंस तसं सांगितलं. बारीक जीवांची कवचं, थोडी नदीची माती, झिंग्यासारख्या किड्यांची विष्ठा. ‘विष्ठा?’ हाव, विष्ठा. ते पाय पुसत म्हणाले, ‘मग खतच की. मीठ तर न्हाई ना? रोप मरंल.’ मी म्हटलं, समीक्षानं धुतलेलं आहे. तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं. आणि मग ते जे बोलले त्यासाठी मी त्यांना जन्मभर मानीन. ते म्हणाले, ‘वहिनी, दादा म्हनला हुता ना, आपल्याच रानातली माती हाय म्हनून? आपल्या ओढ्यानं सुधा नदीत गेली, सुधेतून गोदावरीत, तिथून समुद्रात. आन् पोरीनं परत आनली. मग घरीच आली की ती. राहू द्या.’

आम्ही दोघं विहारापुढे गेलो. या वेळी कुणी नव्हतं, एक शेळी होती, तिला काकांनी हाकललं. त्यांनी हात पुढे केला, मी चिमूटभर राख त्यावर ठेवली, त्यांनी ती रोपाच्या मुळाशी घातली आणि वरून माती सारली. मग हात झाडत म्हणाले, ‘बाकीचं तुमी मायलेकी बघा.’ मी विचारलं, पाण्यात सोडलं तर? त्यांनी कपाळाला आठी घातली. मी म्हटलं, भावजी, पुण्यासाठी नाही. पूजा नाही, नारळ नाही, भटजी नाही. त्यांना प्रवास करायचा होता म्हणून. ते रोपाकडे बघत म्हणाले, ‘हात जोडायचे न्हाईत कुनी. सोडायचं आन् घरी यायचं.’ मी कबूल केलं. बसला पोचवायला आले तेव्हा खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, ‘गावाला सांगू नका. शेषेरावनं समुद्र पुरला म्हनून पोरं हसतील.’ तुलाही मी हे एका अटीवर सांगते आहे. काकांसमोर हसायचं नाही. ते स्वतः हसले तर हस.

तुझ्या त्या अंधाराबद्दलही मला बोलायचं आहे. परत आल्यावर मी वाचनालयातून समुद्रावरचं जाड पुस्तक पुन्हा आणलं. या वेळी खोल पाण्याचं प्रकरण वाचलं, जे मी आधी चाळून पुढे गेले होते. तिथे उजेड पोचत नाही आणि तरी तिथे जीव राहतात. खाली बसलेले, सरपटणारे, तोंड वर करून असलेले. वरून जे पडतं त्यावरच त्यांचं चालतं आणि ते हंगामानंच येतं. म्हणजे आपल्याकडे पाऊस पडला की काही आठवड्यांनी तिकडे तळाशी जेवणाची पंगत बसते. ज्याला मी अंधारात टाकणं म्हणाले, त्याची तिथे कुणीतरी वाट पाहतं. तू मला हे कधीतरी सांगितलं असशील. ऐकताना ते तुझ्या कामाचं होतं, वाचताना ते बाबांचं झालं. आणि अंधाराचं म्हणशील तर रात्रीच्या मालगाडीवर शेवटच्या डब्यात एकटा माणूस आणि मागे एक लाल दिवा, अशी त्यांची अर्धी नोकरी गेली. त्यांना अंधाराचं भय नव्हतं. भय मला होतं.

तर पत्र लिहायचं कारण आता सांगते. तू मागितलं होतंस त्याला माझं हाव आहे. फक्त जहाजावरून नको. तू आत्ता जे नवीन नरसाळं सोडते आहेस, त्याच्या पावसाळ्यातल्या बाटल्या अजून रिकाम्या आहेत ना? मग ऑगस्टात रजा काढ आणि घरी ये. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले, गोदावरी चहासारखी गढूळ झाली की आपण दोघी काठावर जाऊ आणि बरणी रिकामी करू. मला माहीत आहे तू काय म्हणशील. आई, पुढे धरणं आहेत, गाळ अडतो, सगळं समुद्रापर्यंत जात नाही. ते मीही वाचलं आहे. थोडे पोचमपाडला थांबतील, थोडे धवलेश्वरमला. थांबू देत. अर्धा जन्म पॅसेंजरवर काढला त्या माणसानं, प्रत्येक स्टेशनावर उतरून दोन्हीकडे बघून मगच गाडी सोडायची त्यांची सवय. उरतील ते तुझ्या बाटलीत येतील, नाहीतर बाटलीच्या बाजूनं खाली जातील, आणि तुला कळणारही नाही की आत्ता बाबा गेले. हात जोडायचे नाहीत, काकांना शब्द दिला आहे. पण पेटीत त्यांचा हिरवा झेंडा आहे, तो मी धुऊन वाळत घातला आहे. तू बरणी धर. झेंडा मी दाखवीन.

तुझीच,
ऑगस्टची वाट पाहणारी,
आई